ट्रॅक्टर शोरूमला उभा, वॉरंटी मात्र चालूच

मा. अन्न, नागरी पुरवठा व ग्राहक संरक्षण मंत्री,
महाराष्ट्र राज्य, मुंबई

मंत्री महोदय, सप्रेम नमस्कार.

मी यवतमाळ जिल्ह्यातल्या घाटंजी तालुक्याचा कोरडवाहू शेतकरी. सात एकर शेती. पऱ्हाटी, तूर, थोडं सोयाबीन. मागच्या वर्षी पोळा झाला आणि बैलजोडी विकली. त्या पैशात भर घालून मार्जिन, म्हणजे माझ्या वाट्याची रक्कम भरली, बाकी बँकेचं कर्ज काढलं आणि नवा ट्रॅक्टर दारात आणला. घरची वाही (नांगरट-वखरणी) करायची, गावातल्या चार जणांची करून सहामाही हप्ता काढायचा, असा हिशेब होता.

पहिल्याच महिन्यापासून त्याची हायड्रोलिक लिफ्ट, म्हणजे मागचं अवजार ऑईलच्या दाबानं उचलून धरणारा भाग, धरत नाही. सकाळी सगळं ठीक असतं. दोन तास काम झालं, ऑईल तापलं, की धुऱ्यावर वळताना उचललेला कल्टिव्हेटर आपोआप खाली यायला लागतो. आधी चार बोटं, मग वीतभर, मग फण सरळ मातीत. लिव्हर ओढला की उचकी लागल्यासारखी लिफ्ट उसळते आणि पुन्हा बसते. तापलेलं ऑईल पातळ होतं आणि आतल्या सीलमधून किंवा व्हॉल्व्हमधून सुटतं, हे गावातला वेल्डिंगवालाही सांगतो.

चार वेळा शोरूमला नेला. टेम्पोवर चढवून चाळीस किलोमीटर जाईपर्यंत ऑईल थंड होतं. मेकॅनिक अवजार न लावता लिफ्ट वर-खाली करून दाखवतो आणि म्हणतो, “काका, चालू तर आहे!” पोरगा वाईट नाही, त्याला जे दिसतं ते तो सांगतो. पण शेतात येऊन, ट्रॅक्टर दोन तास चालवून कोणी पाहिलं नाही.

साहेब, खरी गोष्ट जॉब कार्डाची, म्हणजे दुरुस्तीच्या वेळी शोरूम लिहिते त्या कागदाची आहे. माझ्याकडे चार आहेत, चारही इंग्रजीत. पहिल्यावर ऑईल टॉप-अप, दुसऱ्यावर जनरल चेकिंग, तिसऱ्यावर फिल्टर बदलला, चौथ्यावर सील बदललं. “तापल्यावर लिफ्ट बसते” हे माझं वाक्य एकाही कार्डावर नाही, आणि खाली सही माझी आहे. कागदावर पाहणाऱ्याला चार वेगवेगळी किरकोळ कामं दिसतील. एकच दोष चार वेळा आला, हे मी कशावरून सिद्ध करू?

चौथ्या वेळी सील कंपनीकडून यायला एकोणीस दिवस लागले. तेव्हाच मृगाचा पाऊस पडला. आमच्या काळ्या जमिनीत वापसा, म्हणजे पेरणीजोगी ओल, फार दिवस थांबत नाही, हे आपल्याला सांगायला नको. मी भाड्याचा ट्रॅक्टर लावून पेरणी केली. वॉरंटी दोन वर्षं किंवा दोन हजार तासांची. शोरूममध्ये उभे राहिलेले ते एकोणीस दिवसही त्यातूनच गेले.

2019 चा ग्राहक संरक्षण कायदा मी वाचून घेतला. 20 जुलै 2020 पासून तो लागू आहे आणि चांगला आहे. राहत्या जिल्ह्यातच तक्रार करता येते. पाच लाखांपर्यंतच्या वस्तूला फी नाही, त्यावर दहा लाखांपर्यंत 200 रुपये. जिल्हा ग्राहक आयोग दोष काढून द्यायला, वस्तू बदलून द्यायला किंवा पैसे परत करायला सांगू शकतो. पण एकच बिघाड किती वेळा दुरुस्त केल्यावर वस्तू बदलून द्यायची, हा आकडा कायद्यात कुठेच नाही. शोरूमवाल्यांनी मला हेही ऐकवलं, की दुसऱ्याची वाही करता म्हणजे धंदा झाला, तुम्ही ग्राहक नाही. स्वतः राबून पोट भरण्यासाठी घेतलेली वस्तू धंद्यात धरायची नाही, असं कायद्यातच लिहिलं आहे. हे किती शेतकऱ्यांना माहीत असेल?

वस्तूची तपासणी लागली तर निकालाची मुदत तीनवरून पाच महिने होते. पण तपासणार कोण? मध्य प्रदेशात बुदनीला केंद्राच्या संस्थेत ट्रॅक्टरची चाचणी होते, पण ती मॉडेलची. माझा एकटा ट्रॅक्टर तिथं कसा न्यावा? अकोल्याच्या डॉ. पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठात कृषी अभियांत्रिकी शिकवतात. तिथल्या जाणकारांनी शेतात, अवजार लावून, ऑईल तापलेलं असताना तपासून दाखला द्यावा आणि आयोगानं तो मानावा, एवढी सोय कृषी खात्याशी बोलून आपण करू शकता.

जॉब कार्ड मराठीत असावं, शेतकऱ्याची तक्रार त्याच्याच शब्दांत लिहावी आणि प्रत तिथल्या तिथं हातात द्यावी. माझा सगळ्यात जास्त आग्रह याचाच आहे, कारण पुढचं सगळं त्या कागदावर उभं राहतं. ट्रॅक्टर शोरूमला उभा असेल तेवढे दिवस वॉरंटीत वाढवून मिळावेत. तोच दोष तिसऱ्यांदा आला तर बदली ट्रॅक्टर किंवा पैसे, असा नियम करण्यासाठी आपण केंद्राकडे पाठपुरावा करावा.

पुढच्या पोळ्याला माझ्या वॉरंटीची दोन वर्षं भरतील. लिफ्ट अजून बसतेच. चौथ्या जॉब कार्डाची झेरॉक्स या पत्राला जोडली आहे. त्याच्या मागच्या कोऱ्या बाजूला माझी तक्रार मी माझ्या हातानं मराठीत लिहिली आहे. तेवढी आपण वाचावी.

आपला,
एक शेतकरी, ता. घाटंजी, जि. यवतमाळ