रविवारच्या भांडणानंतर

चि. मनू हिस,
अनेक आशीर्वाद.

आईच्या हाती डबा पाठवतोय, त्यात ही चिठ्ठी. फोनवर माझं काय होतं ते तुला ठाऊक आहे. निम्मं ऐकू येत नाही, उरलेल्यावर मी ओरडतो. आत्याकडे वेळेवर जेवतेस ना?

रविवारी माझं चुकलं. तू पुणं दाखवायला आणलेल्या पंधरा-वीस परक्या माणसांदेखत तसं बोलायला नको होतं. त्या चष्मेवाल्यानं घंगाळाची किंमत विचारली, त्यात तुझा काय दोष? पण माझं डोकं त्याच्या आधीच फिरलं होतं. तू बोळातून उलटी चालत येत होतीस. तोंड लोकांकडे, पाठ रस्त्याकडे. मागून पत्र्याचा टेम्पो रिव्हर्समध्ये येत होता आणि तुझी टाच गटाराच्या फुटक्या झाकणापासून वीतभर लांब. मी हाक मारली, ती शेजारच्या ठोक्यांत बुडाली. टेम्पो थांबला. तुला पत्ताही नाही, तू आपली हसत हसत पेशवाई सांगतेयस. माझे पाय लटपटले आणि राग भलत्याच गोष्टीवर निघाला.

एकदाच सांगतो, पुन्हा नाही सांगणार. उलटी चालू नकोस. थांब, वळ, मग बोल.

नोकरीबद्दल लिहायचं नाही असं आईनं बजावलंय. लिहीत नाही.

रस्ता तू चांगला आखलायस. शनिवारवाडा, लाल महाल, कसबा गणपती, मग आपली तांबट आळी, तिथून बुधवार चौक, तुळशीबाग, शेवटी मंडई. पण शनिवारवाड्यापाशी फार रेंगाळतेस, असं आई म्हणाली. १७३२ ची वास्तुशांत, १६,११० रुपये खर्च, १८२८ ची आग, हे कुणीही सांगेल. लाल महालापाशी मात्र ‘हाच तो’ म्हणू नकोस. मूळ केव्हाच गेला. आत्ताचा महापालिकेनं १९८४ ते १९८८ मध्ये बांधला. शाळेतून येताना त्याचं काम बघत मी उभा राहायचो आणि उशिरा आलो म्हणून तुझ्या आजोबांचा मार खायचो. आणि भिडेवाड्याच्या जागेपाशी थांबत जा. वाडा २०२३ च्या डिसेंबरात पाडला, पण १८४८ साली जोतिराव-सावित्रीबाईंनी मुलींची शाळा भरवली ती तिथंच. समोर दगडूशेठची गर्दी, मधून रिक्षा आणि बस. तिथं तर अजिबात उलटं चालायचं नाही.

बघ, झालो मास्तर. रागावू नकोस.

अजून एक, आणि हे मी सांगणारच, कारण हा माझा विषय आहे. मठारकाम म्हणजे नक्षी, असं तू त्यांना सांगितलंस म्हणे. नक्षी नव्हे ग. ताव दिला, म्हणजे भट्टीत तापवलं, की तांबं मऊ पडतं, ठोकत गेलं की कडक होतं. नुसत्या गुळगुळीत पत्र्याला लगेच पोचा पडतो. हातोडीनं ठोकून मठारलं की भांडं अंग धरतं. चमक येते ती त्यातूनच, वेगळी आणावी लागत नाही. एका घंगाळावर किती ठोके पडतात ते मी कधी मोजले नाहीत. तू मोजायचीस. पाच वर्षांची होतीस, कोळशाच्या पोत्यावर बसून बोटं घालायचीस आणि शंभरच्या पुढं येत नसे म्हणून पुन्हा एकपासून सुरू. तेव्हा एका झाकणावर तू स्वतः चार ठोके मारले होतेस, वाकडेतिकडे. ते झाकण विकलं असं मी सांगितलं होतं ना? विकलं नाही. पिठाच्या डब्यावर आहे. आईला विचार.

त्या घंगाळाचंही तुला कधी नीट सांगितलं नाही. आजीच्या माहेरचं ते, शनिवार पेठेतलं. १२ जुलै १९६१ ला पानशेतचं धरण फुटलं, नदीकाठच्या पेठा पाण्यात गेल्या. पाणी ओसरल्यावर चिखलात हात घालून आजीनं ते बाहेर ओढलं. एका अंगाला चेपलं होतं. आजोबांनी बाकीचं सरळ केलं, तेवढा चेप ठेवला. का, ते विचारायचं राहिलं. अशा वस्तूला कुणी ‘ॲंटिक आहे का काका’ म्हटलं की मला बोलता येत नाही, चिडताच येतं.

मंगळवारी तुझ्या घोळक्यातली एक मुलगी परत आली. तांब्या घेतला, घासाघीस केली नाही. ‘तुम्ही मनूचे बाबा ना, तिनं तुमच्याबद्दल फार छान सांगितलं,’ म्हणाली. काय सांगितलंस? मला काही ऐकू आलं नव्हतं. तू बोलत होतीस तेव्हा हातोडी थांबवायला हवी होती मी. पण थांबवली असती तर तुझ्याकडे बघावं लागलं असतं, इतक्या लोकांत.

गीझर आले आणि बंब गेले. स्टील आलं आणि बाकीचंही गेलं. गिऱ्हाईक तुटतं तेव्हा सांगून तुटत नाही, एक दिवस कळतं की बरेच दिवसांत कुणी आलेलं नाही. तुझे लोक आज हौसेनं येतात, पावसाळ्यात येतील का? दर महिन्याचा पगार सोडून... झालं, लिहिलंच शेवटी. खोडत नाही. आईला दाखवू नकोस.

या रविवारी घेऊन ये त्यांना. साडेआठला भट्टी पेटवून ठेवतो. ताव दिलेला पत्रा कसा दिसतो ते बघू दे त्यांना, आणि मी पंधरा मिनिटं ठोकणार नाही, तू बोल. गटाराच्या झाकणासाठी वॉर्डात दोनदा जाऊन आलो, काही हललं नाही. म्हणून त्यावर जाड फळी टाकलीय. पायरीपाशी पाण्याची बादली असायची तीही आत घेतलीय.

तरी मागं बघत जा.

तुझा,
बाबा

ता. क. डब्यातली उसळ आजच संपव.