पिशवी काढली, पण रिपोर्ट पूर्ण आहे का?

महोदय,

गर्भाशयमुखाचा कर्करोग लवकर सापडून पिशवी काढली, की घरचे म्हणतात, ‘सुटलो!’ पण पुढचं सारं पॅथॉलॉजीच्या कागदावर ठरतं: गाठ केवढी, किती खोल रुतलेली, लसिकावाहिन्यांत, म्हणजे शरीरातला लसिका हा द्रव वाहून नेणाऱ्या बारीक नळ्यांत, कर्करोगाच्या पेशी शिरल्यात का. १९९९ साली प्रसिद्ध झालेल्या अमेरिकी चाचणीत अशी जोखीम असलेल्या, पण लसिकाग्रंथी (या नळ्यांवरच्या गाळणीसारख्या ग्रंथी) स्वच्छ असलेल्या २७७ स्त्रिया होत्या. नुसत्या शस्त्रक्रियेवर थांबलेल्यांपैकी २८ टक्के जणींचा आजार उलटला, रेडिएशन घेतलेल्यांपैकी १५ टक्के. ग्रंथींतच कर्करोग निघाला, तर सोबत केमोही लागते.

माझ्या मावशीच्या रिपोर्टात गाठ किती खोल रुतली, याचा उल्लेखच नव्हता. स्लाइड घेऊन दुसऱ्या शहरात धावावं लागलं. प्रत्येक रिपोर्टात या नोंदी सक्तीच्याच हव्यात. आणि पाच-सहा आठवडे रेडिएशन चालतं, तेवढे दिवस खेड्यातल्या बाईच्या मुक्कामाची सोय सरकारने करावी.

– एक वाचक, परभणी