नाबेच्या भांड्याभोवती

टोकियो, डिसेंबर

ती. बाबा आणि ती. सौ. आईस,
साष्टांग नमस्कार.

आई, फोनवर तुझा पहिला प्रश्न ठरलेला, ‘जेवलीस का?’ आणि लगेच दुसरा, ‘कुणाबरोबर?’ या दुसऱ्याचं उत्तर फोनवर धड देता येत नाही, म्हणून लिहायला बसले. शुक्रवारी आमच्या विभागाची बोनेनकाई झाली. वर्ष सरताना इथल्या बहुतेक ऑफिसांत असं एकत्र जेवण होतं. जागा ठरवायची, वेळ ठरवायची, पैसे गोळा करायचे, ही सगळी जबाबदारी एकाच्या अंगावर असते. यंदा ती आमच्यातल्या सगळ्यात तरुण मुलावर होती, आणि त्याने ती मन लावून पार पाडली.

बाबा, जेवण शिम्बाशीला होतं, आणि हे तुमच्यासाठी मुद्दाम लिहिते. जपानची पहिली रेल्वे १८७२ साली शिम्बाशी ते योकोहामा धावली, म्हणजे आपल्या बोरीबंदर-ठाणे गाडीनंतर १९ वर्षांनी. ते मूळ स्टेशन थोडं बाजूला होतं. आताच्या स्टेशनबाहेरच्या चौकात जुनं काळं वाफेचं इंजिन उभं आहे. रुळांखालच्या कमानींत आणि आजूबाजूच्या गल्ल्यांत ऑफिस सुटलेल्या लोकांच्या खानावळी आहेत. इझाकाया म्हणतात त्यांना. साहेबांना मी सांगितलं, माझे बाबा भुसावळला रेल्वेत होते. मग पुढचा बराच वेळ आमचं बोलणं गाड्यांवरच चाललं होतं.

ट्रेनमध्ये हीच माणसं फोनवरसुद्धा बोलत नाहीत. इझाकायात शिरलं की मात्र दारापासून आचाऱ्यापर्यंत सगळे एका सुरात ‘इराश्शाइमासे!’, म्हणजे ‘या, या!’, असं ओरडतात. वेटरला हाक मारायची तीही मोठ्याने. शेजारच्या टेबलावर हशा, भट्टीवर काडीला टोचलेल्या कोंबडीच्या तुकड्यांचा धूर, ग्लासांचा खणखणाट. बसल्या बसल्या हात पुसायला गरम ओला टॉवेल येतो, आणि न मागता खाण्याची एक छोटी वाटी. तिचे पैसे बसण्याचे म्हणून बिलात धरलेले असतात. सगळ्यांचे ग्लास येईपर्यंत कुणी घोट घेत नाही. मग ‘कानपाइ!’ तेव्हा धाकट्यांनी आपला ग्लास मोठ्यांच्या ग्लासापेक्षा थोडा खाली धरायचा. माझ्या ग्लासात थंड ऊलाँग चहा होता. दारूचा आग्रह मला कुणीही केला नाही, तेव्हा ती काळजी आजच सोडा.

मला सगळ्यात भावतं ते वेगळंच आहे. बाटली मध्ये असली तरी आपला ग्लास आपण भरायचा नाही. शेजाऱ्याचा भरायचा, आणि आपल्याकडे शेजारी बघतो. आपल्या पंगतीत ‘अजून एक घ्या हो’ म्हणत वाढतात. इथे तोंडाने कुणी काही म्हणत नाही, पण ग्लास अर्धा झाला की कुणाचा तरी हात पुढे येतो. गप्पांच्या ओघातही लोकांचं लक्ष असतं. ऑफिसात दिवसभर जेमतेम चार वाक्यं बोलणारी माझ्या शेजारची बाई तेवढ्या वेळात माझ्यासाठी मासे नसलेले पदार्थ वेगळे काढून ठेवत होती. दिसायला साध्या भाजीच्या रसातही इथे बऱ्याचदा सुक्या माशाचा अर्क असतो, हे तिने आधीच सांगून टाकलं होतं.

मध्ये गॅसच्या छोट्या शेगडीवर नाबे होतं. मोठं भांडं, त्यात समुद्री शेवाळाचं पाणी, चायनीज कोबी, टोफू, मशरूम, कांद्याची जाड पात. प्रत्येक गटात एकजण आपणहून त्या भांड्याचा कारभारी होतो: काय आधी टाकायचं, कधी काढायचं, कुणी ढवळायचं नाही. आमच्याकडे ते काम साहेबांनी घेतलं होतं. उरलेल्या रसात शेवटी भात घालून त्यावर फेटलेलं अंडं सोडतात. पोट भरलेलं असतानाही तो भात कुणी सोडत नाही.

आणि आई, वांगं! अख्खं वांगं साल काळी पडेपर्यंत भाजतात, सोलतात, वर किसलेलं आलं आणि सोया सॉस. माशाचा कीस तेवढा नको म्हणून सांगायचा. पहिला घास घेतला आणि थंडीतली शेतातली भरीत पार्टी आठवली, बामणोदची वांगी, पऱ्हाट्यांचा धूर, सगळे मधल्या पातेल्याभोवती. तिखट नाही, दाणे नाहीत, पण भाजल्याचा वास तोच.

एक गोष्ट आत्ताच सांगून ठेवते, कारण तुम्ही येणार आहात. ताटातला घास कुणाला द्यायचा तर त्याच्या बशीत ठेवायचा. चॉपस्टिकमधून चॉपस्टिकमध्ये कधीच द्यायचा नाही. दहनानंतर घरची माणसं अस्थी तशा उचलून एकमेकांकडे देतात. राख सावडताना आपण काय काय पाळतो ते आठवलं की यात सांगण्यासारखं काही उरत नाही. भातात चॉपस्टिक उभ्या खोचायच्या नाहीत, कारण तसा भात मृताला वाहतात.

दोन तासांनी आमची वेळ संपली. सगळे उभे राहिले आणि एका इशाऱ्यावर सगळ्यांनी मिळून एकच टाळी वाजवली. बिल आधीच ठरलेलं, साहेबांनी जास्तीचं दिलं. टीप इथे देत नाहीत. बरेचजण पुढे दुसऱ्या ठिकाणी गेले; मी ट्रेन पकडून घरी आले.

बाबा, तुमच्या गुडघ्यांचा विचार मी करून ठेवलाय. या जागेत बूट काढून खाली बसायचं असतं, पण टेबलाखाली खड्डा केलेला असतो, त्यात पाय सोडून खुर्चीसारखं बसता येतं. मी मुद्दाम वाकून बघितलं. आईसाठी काय मागवायचं तेही ठरलंय: मिठातल्या सोयाबीनच्या शेंगा, भाजलेल्या मिरच्या, लोणची, ते वांगं.

मार्चअखेरीला या. तेव्हा साकुराही, म्हणजे चेरीचा बहर, फुललेला असतो आणि थंडीही ओसरते. बाबांच्या पासपोर्टची मुदत बघून मला कळवा, तिकिटं मी काढते.

तुमची लेक