ग्रंथालयांनी पुस्तकं पाहून घ्यावीत

मा. संपादक,
स. न. वि. वि.

आपल्या वाचकपत्रांच्या सदरात मध्यंतरी एका वाचकांनी लिहिलं होतं की, तालुक्याच्या गावी लोक वाचत नाहीत, त्यामुळे तिथे पुस्तकांचं दुकान चालत नाही आणि सरकारने अशा दुकानांना अनुदान द्यावं. त्यांची कळकळ खरी आहे, पण म्हणणं मला पटलं नाही. मी दापोलीत पुस्तकांचं दुकान चालवते आणि ते नफ्यात चालतं. जागेचं भाडं, मदतीला असलेल्या दोन मुलींचे पगार, लाइटबिल, प्रकाशकांची देणी भागवून घरी नेण्याजोगे पैसे उरतात. अनुदान मला नको आहे. मला हवं आहे ते आपल्या गावोगावच्या ग्रंथालयांच्या कार्यकारिणीकडून आणि शाळांकडून, म्हणून हे पत्र.

लोक वाचत नाहीत हे कोकणाबद्दल तरी कुणी बोलू नये. रत्नागिरीचं नगर वाचनालय १८२८ सालचं, चिपळूणचं लोकमान्य टिळक स्मारक वाचन मंदिर १८६४ सालचं. मराठीतलं पहिलं वृत्तपत्र १८३२ मध्ये काढणारे बाळशास्त्री जांभेकर देवगड तालुक्यातल्या पोंभुर्ल्याचे. मुंबई गाठायची तर समुद्रानेच, अशा काळात या किनाऱ्यावर वाचनालयं उभी राहिली.

दुकान कशावर चालतं ते आधी सांगते. जूनमध्ये पाठ्यपुस्तकं आणि वह्या. त्यात सुटतं थोडं, पण तालुक्यातलं प्रत्येक घर एकदा तरी दुकानाची पायरी चढतं. मग पोलीस भरती, तलाठी भरती, एमपीएससी, स्कॉलरशिप. या पुस्तकांवर माझं भाडं निघतं. नवी आवृत्ती आली की जुनी कुणी हातात घेत नाही, म्हणून ती मोजून मागवायची आणि पुन्हा पुन्हा मागवायची. कथा-कादंबऱ्या, चरित्रं, कविता यांचं कपाट या दोन पायांवर उभं आहे. पण ते कपाट नसतं तर मी हे दुकान उघडलंच नसतं.

दापोलीला १९७२ पासून कृषी विद्यापीठ आहे. ऑक्टोबरात, मोहोर यायच्या आधी, बागायतदार येतात आणि तुडतुड्यांवर, फुलकिड्यांवर, जुन्या कलमांच्या छाटणीवर पुस्तक मागतात. काजूचं कलम, जायफळ, मिरी, नारळावरचा गेंड्या भुंगा, सगळ्यावर मागतात. पुस्तकाचं नाव विचारलं तर म्हणतात, मी काही वाचणारा माणूस नव्हे. आणि तेच पुस्तक पेनाने खुणा करून करून फाटलं की दुसरी प्रत न्यायला येतात. अशा माणसाच्या हातात दुसऱ्या वर्षी मी एखाद्या शेतकऱ्याचं आत्मचरित्र ठेवते. बहुतेक वेळा तेही घरी जातं.

फेब्रुवारी ते एप्रिल आंजर्ल्याला, मंडणगड तालुक्यातल्या वेळासला ऑलिव्ह रिडले कासवांची पिल्लं समुद्रात सोडतात. ती पाहायला पहाटे उठून गेलेली मुलं दुपारी दुकानात येऊन प्रश्नांचा भडिमार करतात: अंडी किती दिवसांनी फुटतात, पिल्लांना पाण्याची दिशा कशी कळते? आई-वडिलांकडे उत्तरं नसतात. अंडी फुटायला साधारण ४५ ते ६० दिवस लागतात, एवढं मी सांगते आणि कासवांचं, शिंपल्यांचं, किनाऱ्यावरच्या पक्ष्यांचं पुस्तक समोर ठेवते. मुरुड, कर्दे, हर्णै इथल्या काही घरगुती निवासांत मी एकेक छोटी मांडणी ठेवली आहे. पाहुणा तिथे वाचतो, आवडलं तर विकत घेतो. घरमालकाला त्यातलं कमिशन मिळतं. पावसाळ्याआधी मांडणी परत आणते.

गणपतीत चाकरमानी येतात. त्यांची मुलं इंग्रजी शाळेत आणि आजीला वाटतं, नातवाने मराठी वाचावं. मुंबईत त्यासाठी वेळ काढून दादर गाठावं लागतं. इथे कापूर-अगरबत्ती घ्यायला बाजारात आलं की पुस्तकंही समोर दिसतात. गणपतीच्या दिवसांत बालसाहित्य जेवढं जातं तेवढं एरवी कधीच जात नाही. म्हणून ते मी श्रावणातच भरून ठेवते आणि मोठ्या टायपातली, थोड्या मजकुराची पुस्तकं दाराशी लावते. दिवाळी अंकांचं तसं नाही. ते परतीच्या बोलीवर येतात, जोखीम कमी, आणि दोन महिन्यांत हिशेब मिटतो.

जाहिरात म्हणाल तर माझ्याकडे एक जाडी वही आहे. कोण काय वाचतं, कुणाचा मुलगा आता दहावीला, कुणाला नौकानयनाची आवड, कुणाला फक्त भयकथा लागतात, सगळं तिच्यात आहे. नवं पुस्तक आलं की मी आधी वाचते, मग चार ओळी आणि मुखपृष्ठाचा फोटो व्हॉट्सॲपवर त्या-त्या माणसालाच पाठवते. सगळ्यांना सगळं पाठवायला लागलं की लोक वाचायचं सोडतात. मंडणगड, गुहागरच्या ग्राहकांना एकेक पुस्तक पाठवणं पूर्वी परवडत नसे, कुरियरवाला माझं सगळं कमिशन घेऊन जायचा. १ मे २०२५ पासून टपाल खात्याने ‘ज्ञान पोस्ट’ सुरू केलं. ३०० ग्रॅमपर्यंत २० रुपये, ५ किलोपर्यंत १०० रुपये, वर कर. ग्रामीण विक्रेत्याला आणि वाचकाला इतकी उपयोगाची सोय दुसरी नाही. ती टिकावी म्हणून सगळ्यांनी ती वापरावी.

पावसाचं मात्र सांगायलाच हवं, कारण पुण्या-मुंबईच्या प्रकाशकांना ते कळत नाही. आमच्याकडे वर्षाला सुमारे साडेतीन हजार मिलिमीटर पाऊस पडतो. जुलैत भिंतीला हात लावला तर ओला होतो. कपाटं भिंतीपासून वीतभर पुढे, खालचा कप्पा रिकामा, कडुनिंबाचा पाला, डांबरगोळ्या, दिवसभर पंखे. तरी बुरशी आणि कसर यायचे ते येतातच. म्हणून मिरगाच्या आधी न विकलेला परतीचा माल मी परत पाठवते. उशीर झाला की पानं फुगतात आणि प्रकाशक ती घेत नाही. दुकानात पावसाळ्यात कमीत कमी माल, हा माझा नियम. ३ जून २०२० च्या निसर्ग वादळात पत्रे उडाले आणि पुस्तकांचा लगदा झाला, तेव्हा मालाचा विमा असल्यामुळेच मी पुन्हा उभी राहिले. छोट्या दुकानदारांनी विमा टाळू नये.

आता मूळ मुद्दा. ग्रंथालयाचे पदाधिकारी किंवा शाळेचे लोक येतात आणि पुस्तकाला हात लावायच्या आधी विचारतात, “कमिशन किती देणार?” म्हणजे छापील किमतीवर सूट किती. मी दहा टक्के म्हटलं की उठतात. “अमुक माणूस पन्नास देतो.” तो पन्नास कसा देतो, याचा हिशेब मांडते. तीनशे रुपयांच्या चांगल्या पुस्तकावर मला प्रकाशकाकडून साधारण तीस टक्के मिळतात, म्हणजे खरेदी दोनशे दहाची. नव्वदातले तीस ग्रंथालयाला दिले की साठ उरतात. त्यात भाडं, पगार, वाहतूक, भिजलेली पुस्तकं. पुस्तकांवर जीएसटी नाही, हे खरं, पण त्यामुळेच कपाटं, पंखे, कॉम्प्युटर यांवर भरलेला जीएसटी आम्हाला वळता करता येत नाही. चाळीस टक्के सूट द्यायची तर दोनशे दहाचं पुस्तक एकशे ऐंशीला विकावं लागेल. ते कुणालाच शक्य नाही. मग पन्नास टक्क्यांना येतं ते पुस्तक वेगळंच असतं. जेमतेम शंभर पानं, मोठा टाइप, पातळ कागद. खरी किंमत सव्वाशेच्या आतली, छापील किंमत अडीचशे. ग्रंथालय एकशे पंचवीस रुपये मोजतं आणि कागदावर तेवढीच बचत झाल्याचं दिसतं. ही पुस्तकं ग्रंथालयांना विकण्यासाठीच छापलेली असतात. अनेक ग्रंथालयांत मी ती पाहिली आहेत, दाखल क्रमांक पडलेली, पानं एकमेकांना चिकटलेली, एकदाही घरी न गेलेली.

हा पैसा १९६७ च्या ग्रंथालय कायद्याखाली येणाऱ्या अनुदानाचा, म्हणजे आपल्या सर्वांचा आहे. तो बऱ्याचदा वर्षअखेरीस हाती पडतो आणि मार्चमध्ये घाईघाईने संपवायचा असतो, ही पदाधिकाऱ्यांची अडचण मी समजते. ते पदरमोड करून काम करणारे लोक आहेत, त्यांच्यावर माझा राग नाही. पण त्या घाईत यादी करणारा माणूस आणि वाचणारा माणूस यांची गाठच पडत नाही. सभासद आजी काउंटरवर एका लेखिकेची कादंबरी सहा महिने मागते आणि ग्रंथपाल दरवेळी “नाही आली” म्हणतात, कारण तिच्या प्रकाशकाचं कमिशन कमी. ग्रंथपालांनाही ते बोचतं. त्यांनी मला ते स्वतः सांगितलं आहे.

म्हणून माझं मागणं एवढंच. प्रत्येक ग्रंथालयाने काउंटरवर मागणीची वही ठेवावी आणि निम्मी खरेदी तरी तिच्यावरून करावी. वर्गणीच्या पैशांतून दर दोन महिन्यांनी थोडी थोडी पुस्तकं घ्यावीत, सगळं मार्चवर ठेवू नये. निवड समितीत एक विद्यार्थी आणि एक गृहिणी असावी. आणि खरेदी माझ्याकडूनच करावी असं नाही. खेड, चिपळूण, रत्नागिरी, जिथे पुस्तक उघडून पाहता येईल अशा कुठल्याही दुकानातून करावी.

दापोली, खेड, मंडणगड तालुक्यांतल्या ग्रंथालयांना मी पुस्तकं पसंतीसाठी आठवडाभर द्यायला तयार आहे. वाहतूक माझी. सभासदांनी चाळावीत, ठेवायची तेवढी ठेवावीत, उरलेली परत करावीत. सूट दहाच टक्के मिळेल. सोमवार सोडून दुकान रोज उघडं असतं.

आपली,
एक पुस्तकविक्रेती
दापोली, जि. रत्नागिरी