सुधीरला पत्र : ती प्रत सोडू नकोस

प्रिय सुधीर,

सप्रेम नमस्कार. कॉपीराइटच्या पानाचा फोटो मिळाला. अरुंधती रॉय यांच्या 'द गॉड ऑफ स्मॉल थिंग्ज'ची, रँडम हाउस या अमेरिकन प्रकाशकाची ती प्रत तू दुकानात परत ठेवून आलास, हे वाचून जीव हळहळला. त्या पानावरची आकड्यांची ओळ २ पासून सुरू होते, म्हणजे दुसरं मुद्रण, आणि संग्रहाला हवं पहिलं, असा तुझा हिशेब. एरवी तो बरोबरच ठरला असता. नवं मुद्रण निघालं की त्या ओळीतला सर्वांत लहान आकडा काढून टाकतात. उरलेल्यांत जो लहान, तो मुद्रणाचा क्रमांक. आकडे उलटसुलट मांडलेले असले तरी नियम हाच. पण रँडम हाउसची त्या काळातली रीत निराळी होती. पहिल्या मुद्रणातच ओळ २ पासून, आणि जोडीला 'फर्स्ट एडिशन' असे शब्द. दुसरं मुद्रण आलं की फक्त ते शब्द गाळायचे. तुझ्या फोटोत 'फर्स्ट यूएस एडिशन' स्वच्छ वाचता येतंय. उद्या दुकान उघडताच जा!

प्रकाशक कोण हे पाहिल्याशिवाय आकड्यांवरून काही ठरवू नये, असं मला ठामपणे वाटतं. स्क्रिबनर्स हे अमेरिकन प्रकाशक तर १९३० पासून कितीतरी वर्षं पहिल्या मुद्रणाच्या कॉपीराइट पानावर नुसतं 'ए' हे अक्षर छापत असत. ते ठाऊक नसलेला माणूस चांगली प्रत हातची घालवतो.

आता जॅकेट, म्हणजे पुठ्ठ्यावरचं सुटं कागदी वेष्टन. त्यावर बुकर मिळाल्याचा उल्लेख आहे का, ते आधी बघ. पारितोषिक ऑक्टोबर १९९७ मधलं, पुस्तक त्याआधीच बाजारात आलेलं. उल्लेख असेल तर ते जॅकेट नंतरचं, मग आतलं पान काहीही म्हणो. जॅकेटमुळे प्रतीची किंमत कित्येक पटींनी वाढते, म्हणून एकाचं जॅकेट दुसऱ्यावर चढवण्याचे उद्योग सर्रास चालतात. 'द ग्रेट गॅट्सबी'च्या १९२५ च्या जॅकेटवर मागच्या मजकुरात 'जे' (Jay) या नावाचं पहिलं अक्षर चुकून लहान 'j' असं छापलं गेलं होतं आणि मग ते हाताने दुरुस्त केलं होतं. जाणकार आजही तीच जागा आधी बघतात, कारण त्या जॅकेटच्या हुबेहूब नकला मिळतात.

जॅकेटच्या पुढच्या फ्लॅपवर, म्हणजे आत दुमडलेल्या भागावर, डॉलरमधली किंमत हवी. कोपरा कात्रीने कापलेला असेल तर कुणी भेट देताना कापला असेल, किंवा ती बुक क्लबची, म्हणजे क्लबच्या सभासदांसाठी काढलेली स्वस्त प्रत आहे हे लपवायला. क्लबच्या प्रतीत 'फर्स्ट एडिशन' हे शब्दही तसेच राहून गेलेले असतात, त्यामुळे नुसते शब्द पुरत नाहीत. जॅकेट उतरव आणि मागच्या पुठ्ठ्यावर खाली, कण्याच्या बाजूला बोट फिरव. जुन्या क्लब-प्रतींना तिथे बारीकसा गोल किंवा चौकोनी खड्डा असतो. डोळ्यांना निसटतो, पण बोटाला लागतो. कागद हलका आणि पुस्तक जरा बुटकं वाटलं तरीही सावध हो.

एक मात्र मनापासून सांगतो. या कादंबरीची पहिलीवहिली प्रत अमेरिकेतली नव्हे. ती एप्रिल १९९७ मध्ये दिल्लीत, इंडियाइंकने काढली. बाजारभाव काहीही असो, दोन्हींतून एकच निवडायची झाली तर मी दिल्लीचीच घेईन. मी इकडे जुन्या पुस्तकवाल्यांना सांगून ठेवलंय. दोन मिळाल्या तर एक तुझी.

उद्या फ्लॅपचा आणि मागच्या पुठ्ठ्याचा फोटो पाठव, पैसे देण्याआधी. वहिनींना नमस्कार.

तुझा,
अविनाश