फिजिओथेरपिस्टच्या कर्जाचे हप्ते शासनाने उचलावेत

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

गेल्या वर्षी माझ्या आईला लकव्याचा झटका आला. चाळीस वर्षं विड्या वळलेला तिचा उजवा हात एका रात्रीत निर्जीव झाला. दवाखान्यातून घरी सोडताना डॉक्टरांनी बजावलं होतं, पहिले काही महिने व्यायाम चुकवू नका. मग सोलापूरच्या पूर्व भागातल्या आमच्या दोन खोल्यांत एक तरुण फिजिओथेरपिस्ट मुलगी रोज संध्याकाळी येऊ लागली. आई व्यायामाला कंटाळायची. एके दिवशी त्या मुलीने शेजारणीकडून तेंदूचं पान आणि दोरा मागून आणला आणि आईच्या बोटांत दिला. ती बोटं हलली. मी समोर उभी होते. दीड महिन्यात आई त्या हाताने चहाचा कप धरू लागली.

आणि मग मुलगी पुण्याला गेली. सात लाखांचं शैक्षणिक कर्ज, नऊ हजारांचा हप्ता आणि इथला पगार सोळा हजार. तिला कोणत्या तोंडाने थांब म्हणणार?

कर्ज काढतानाच विचार करायला हवा होता, असं म्हणणारे भेटतात. पण राज्यात सरकारी कॉलेजांत फिजिओथेरपीच्या जागा मोजक्या. बाकीच्यांना खाजगी कॉलेजशिवाय वाट नाही. इंटर्नशिप धरून चार वर्षांहून जास्त शिकायचं, आणि पुढे वर्षभरात हप्ता दारात उभा. साडेचार लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्या घरांना केंद्राची व्याज सवलत मिळते, तीही हप्ता सुरू होईपर्यंतच. मुलींना 2024-25 पासून राज्याने शुल्कमाफी दिली, त्याचा मनापासून आनंद आहे. पण त्याआधी शिकून बाहेर पडलेल्या मुलींच्या डोक्यावरचं कर्ज त्याने उतरत नाही, आणि मुलांना तर तीही नाही.

सरसकट माफी मी मागत नाही. जो फिजिओथेरपिस्ट ग्रामीण किंवा उपजिल्हा रुग्णालयात, नाहीतर विडी आणि यंत्रमाग कामगारांच्या वस्तीत काम करेल, त्याचं दर वर्षाच्या सेवेमागे एक पंचमांश कर्ज शासनाने फेडावं. पाच वर्षांत तो मोकळा. अमेरिकेत सरकारी किंवा ना-नफा संस्थेत नोकरी करत 120 हप्ते भरले की केंद्र सरकारकडून घेतलेलं उरलेलं शैक्षणिक कर्ज माफ होतं, असा कायदा 2007 पासून आहे. तिथल्या फिजिकल थेरपिस्टनाही तो लागू होतो.

आपल्या गावाला याची गरज किती, हे विडी वळणाऱ्या कोणत्याही बाईला विचारा. मांडीवर सूप, मान खाली, दिवसभर तशीच बैठक. पन्नाशीत मान वळत नाही, गुडघा दुमडत नाही. यंत्रमागावर उभ्याने पाळी काढणाऱ्यांची कंबर तशीच जाते. ही माणसं दुखणं गोळीवर काढतात, कारण व्यायाम शिकवणारं माणूस त्यांच्या गल्लीत नसतं. करमाळा, सांगोल्याच्या वाड्यावस्त्यांवर तर लकवा झालेला माणूस खाटेवरच राहतो.

जिल्ह्यातल्या अकरा आमदारांपैकी एकाने तरी येत्या अधिवेशनात हा प्रश्न मांडावा, अशी आपल्या दैनिकामार्फत विनंती करते. ती मुलगी गेल्यापासून आईचा व्यायाम मीच घेते, जमेल तसा. कप ती धरते. विडीचा दोरा मात्र अजून बांधता येत नाही तिला.

आपली,
एक शिक्षिका, सोलापूर