बाबा, पंप घ्यायच्या आधी हे वाचा

ती. आई-बाबा, सा. न.

बाबा, आगरातल्या धबधब्याचा फोटो बघितला, चिरे मस्त रचलेत, वरची ती सपाट शिळा तर एकदम झकास, पण खाली तुम्ही लिहिलंय की विहिरीवरचा जुना अर्धा एचपीचा पंप पडूनच आहे तोच लावतो, ते काही मला पटलेलं नाही. फोनवर तुम्ही हो हो म्हणता आणि मग करायचं तेच करता, म्हणून लिहूनच पाठवतेय. आईने मोठ्याने वाचून दाखवायचं.

तो पंप पाणी वरच्या टाकीत चढवायला बनवलाय. आपल्याला एवढं उंच चढवायचंच नाहीये, थोड्याशा उंचीवर भरपूर पाणी हवंय आणि तेही तासन् तास. अर्धा एचपी म्हणजे 373 वॉट, प्रत्यक्षात ओढतो त्याहून जास्तच, रोज 10 तास चालवला तर 4 युनिट तरी गेलीच. कारंज्या-धबधब्यासाठी मिळतो तो 100 वॉटचा सबमर्सिबल, म्हणजे पाण्यातच बुडवून ठेवायचा पंप, तेवढ्याच वेळात 1 युनिट खातो. बिल आल्यावर आई कुणाला बोलणार ते मी सांगायला नको.

तर एचपी विसरा, टेप घेऊन आगरात जा. शिळेच्या ज्या कडेवरून पाणी पडणार तिची रुंदी मोजा. दर इंचाला ताशी साधारण 400 लिटर पाणी लागतं, तेवढ्यात पातळ पण सलग पडदा पडतो, धो धो हवं असेल तर दुप्पट धरा. फोटोत कड फूटभर दिसतेय, म्हणजे ताशी साडेचार-पाच हजार लिटर. मग उंची. ती खालच्या हौदाच्या तळापासून नाही मोजायची, पाण्याच्या पातळीपासून शिळेपर्यंत मोजायची, कारण पंप पाण्यात किती खोल बसलाय त्याने काही फरक पडत नाही. समजा 4 फूट भरली. पण पाइपात पाणी घासत जातं त्याचाही हिशोब लागतो, ढोबळमानाने 10 फूट पाइपाला 1 फूट उंची जास्त धरायची आणि एल्बोंचं, म्हणजे पाइपाच्या वळणांचं, थोडं वेगळं, म्हणजे आपलं सगळं मिळून 6-7 फूट होईल.

आता दुकानातली गंमत. बॉक्सवर मोठ्या अक्षरात ताशी 6000 लिटर लिहिलेलं असतं, ते शून्य उंचीवरचं. शेजारी मॅक्स हेड 2.5 मीटर लिहिलेलं असतं, म्हणजे अडीच मीटरवर पाणी येणंच बंद. आपले 7 फूट म्हणजे 2.1 मीटर, तिथे त्या पंपातून जेमतेम धार येईल. म्हणून दुकानदाराला विचारायचं ते एवढंच, 7 फुटांवर किती लिटर देतो? बॉक्सवर किंवा आतल्या कागदावर आलेख असतो, नसेल तर दुसरा पंप बघा. थोडा मोठा घेतला तर चालेल, बाहेर जाणाऱ्या पाइपावर व्हॉल्व्ह टाकून कमी करता येतो, मात्र पाणी ओढायच्या बाजूला कधी आवळू नका. पाइप दीड इंचीच घ्या, अर्ध्या-पाऊण इंचीत चांगला पंपही गुदमरतो.

आणि तो जुना पंप लावायचाच आहे ना, तर एका संध्याकाळी ट्रायलसाठी लावा. त्याची नळी शिळेच्या मागे सोडा आणि कॉक हळूहळू उघडत जा, आई पडवीत बसेल, तिला आवाज आवडला की ती बास म्हणेल (ती लवकर म्हणणार नाही, तिला पऱ्याला, म्हणजे ओढ्याला, पाणी आल्यासारखं हवंय). मग कॉकला हात न लावता तीच नळी तिथेच 15 लिटरच्या बादलीत धरा आणि घड्याळ बघा. बादली 12 सेकंदांत भरली तर ताशी 4500 लिटर झाले. हा आकडा माझ्या हिशोबापेक्षा खरा, तोच घेऊन दुकानात जायचं.

हौद मात्र काठोकाठ भरू नका हां. लाईट गेली की पाइपातलं आणि वरच्या पाटातलं सगळं पाणी खाली येतं, वीतभर तरी जागा ठेवा. उलट हौद फारच लहान असेल तर पंप सुरू करताच पातळी खाली जाते आणि पंप कोरडा फिरून जळतो. जांभा पाणी पितो हे तुम्हालाच जास्त माहितीय, चिऱ्यांखाली जाड शीट घातलं नसेल तर निम्मं पाणी मातीत जाईल आणि तुम्ही म्हणाल पंपच कमी पडला.

खाऱ्या हवेने प्लग गंजतात, जोड उघड्यावर नको, आणि 30 मिलिअँपिअरचा आरसीसीबी, म्हणजे करंट गळला की लगेच वीज तोडणारा स्विच, वायरमनकडून आधी बसवून घ्या, यात काटकसर नाही. पंप बंद असताना डास होतील, तेव्हा गप्पी मासे सोडा, पंपाला जाळी लावा. पावसाळ्यात पंप काढूनच ठेवा, जुलैत कोण धबधबा बघतंय.

आई, बाबांनी मोजलं की रुंदी, उंची आणि बादलीचे सेकंद तूच मला मेसेज कर, बाबा अंदाजे सांगतात. दुकानातून आलेखाचा फोटो पाठवा, मी बघून सांगितल्यावरच पैसे द्या. आणि चिरे बाबांनी एकट्याने उचलायचे नाहीत, गड्याला बोलवा.

तुमची लेक